डावीकडची सीट

मोतीबिंदू पिकला तेव्हा मौलाली म्हणाला,
आता तुझ्या डाव्या अंगाला दुसरं कुणीतरी बसव.
मी पोरं पाहिली. दोन टिकली नाहीत,
तिसरं मंद्रूपच्या अलीकडेच घोरायला लागलं.
मग तोच म्हणाला, यंत्र घे.
पण निवडायला मी येणार.

नव्या पेठेत गाजुलांचं दुकान.
एप्रिल. काउंटरची काच हात ठेवू देत नव्हती.
श्रीशैलनं पाच खोकी उघडून मांडली
बस्त्याला लुगडी मांडावीत तशी:
याचा पडदा सात इंची, याची बॅटरी चार तास,
यात नकाशे जन्मभर फुकट.
"कुणाच्या जन्मभर?" मौलालीनं विचारलं.
पोरगं हसलं,
मग खोक्यावरचं बारीक अक्षर वाचू लागलं.

एकेकाची त्यानं मुलाखत घेतली,
माझ्या बापानं त्याची घेतली असेल तशी,
तेहतीस वर्षांपूर्वी, टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून.
रेंज गेल्यावर बोलतं का?
उन्हात दिसतं का? इथं नको, दारात नेऊन दाखव.
रस्ता चुकला तर ओरडतं, की सांगतं?
एक होतं ठणाणा करणारं.
"नको. रात्री दोननंतर ओरडणाऱ्याचं हा ऐकत नाही.
मी करून बघितलंय."

एक मात्र सुरू होताच म्हणालं,
वाहनाची उंची टाका.
भरल्यावरचं वजन टाका.
मौलालीची मान वर झाली.
"आधी ओझं विचारतंय, मग गाव.
हे घे."

हुबळीच्या दोन खेपा गेल्या त्यात.

काचेवर चिकटवण्याआधी
दोन रात्री त्यानं ते घरी नेलं, नई जिंदगीत.
तो डोळे मिटून सांगायचा,
नात नाजनीन बोटानं नकाशा सरकवायची.
भीमेचा पूल ओलांड. थोडं पुढं. उजवीकडं लिंब असेल.
"यात लिंब दिसत नाही, दादा."
असेल. ठेव बोट.
दोनशे जागा मावतात, ती म्हणाली.
एकतीसवर तो थांबला.
बाकीच्या याला सापडू देत.

पहिली खेप. चादरींचे गठ्ठे, ताडपत्री, मी,
आणि रिकाम्या सीटवर त्याच्या पाठीचा खळगा.
टाकळी सुटल्यावर ती बाई बोलली,
बातम्या सांगाव्यात तशा स्वच्छ मराठीत:
तीनशे मीटरवर, गोड पाणी.
झळकीला: पंक्चर, म्हातारा प्रामाणिक.
कोल्हारच्या अलीकडे, दिवस बुडाल्यावर:
पुलाआधी चहा. पुलावर बोलू नको.
मी कुणाशी बोलणार होतो?

दोन वाजून दहा मिनिटं.
ना ढाबा, ना दिवा, बाभळींचा नुसता काळा ढीग.
डावीकडे, झोप.
वळलो. मुरूम दाबून बसलेली सपाट जागा,
चाकांच्या जुन्या खुणांत माझी चाकं नीट बसली.
चौदा वर्षं मी इथंच झोपत आलो.
जागा तो दाखवायचा,
मी नुसता ब्रेक दाबायचो.

परतताना सोरेगाव आलं आणि मी 'घर' दाबलं.
माझं घर विडी घरकुलात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.
बाई म्हणाली उजवीकडे, मग डावीकडे,
मग आणखी एकदा डावीकडे.
उंची ठाऊक, वजन ठाऊक,
तरी दहा टनांची गाडी तिनं आणून उभी केली
नई जिंदगीतल्या त्या बोळाच्या तोंडाशी
जिथं सायकलसुद्धा विचारून आत जाते.
तुमचं ठिकाण आलं आहे.

ओट्यावर मौलाली. डोळ्यावर हिरवी पट्टी,
मांडीवर ताटली, कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी.
मला एक विचारायचं होतं. राहिलं.
त्यानं इंजिनाकडं कान केला, चावणं थांबवलं.
"तिसऱ्या गिअरला अजून खरखरतंय.
हे सांगत नाही का ती?"